एकशे तेहतीस दिवसांचं सरकार

जॉर्जटाऊन, गयाना

ती. आबा,

१९५२ला तुम्ही पहिलं मत दिलंत, म्हणून इथली १९५३ची निवडणूक तुम्हालाच कळवतोय. तेव्हा हा ब्रिटिश गयाना. मिळकत, लिहिता-वाचता येणं अशा अटींवर मताचा हक्क ठरायचा. २७ एप्रिलला प्रथमच प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुषाला मत देता आलं आणि चोवीसपैकी अठरा जागा पीपल्स प्रोग्रेसिव्ह पार्टीला गेल्या. तिचे दोन पुढारी: चेडी जगन ऊसमळ्यावरच्या हिंदुस्थानी मजुरांच्या घरातला दंतवैद्य, तर फोर्ब्स बर्नहॅम आफ्रिकी वंशाचा बॅरिस्टर. मळ्यातले हिंदुस्थानी आणि शहरातले आफ्रिकी कामगार एका पक्षामागे उभे राहिले. तीन बायकाही निवडून आल्या.

एनमोर

आबा, आज मुद्दाम इथे आलो. उसाच्या फडांमधून कालवे काढलेत. तोडकऱ्याने ऊस तोडायचा, वर मोळी डोक्यावर घेऊन कालव्यातल्या लोखंडी पडावात भरायचाही, असा मळेवाल्यांचा नियम होता. आपल्या तोडकऱ्यांना हे कष्ट समजावून सांगावे लागणार नाहीत. नुसत्या तोडणीचीच पद्धत परत आणा आणि आमची युनियन माना, म्हणून १९४८ला संप झाला. १६ जूनला पोलिसांनी गोळ्या घातल्या, पाच मजूर गेले. त्यांची प्रेतयात्रा इथून पार जॉर्जटाऊनपर्यंत चालत गेली; जगन त्यात पुढे होते. मला तर पाच वर्षांनंतरच्या त्या अठरा जागांचं मूळ इथेच दिसतं.

१९५३ला सत्तेवर आल्यावर या पक्षाने कामगारांच्या पसंतीच्या युनियनला मान्यता देणं मालकांवर बंधनकारक करणारं विधेयक आणलं. ८ ऑक्टोबरला ते सभागृहात मंजूर झालं. तोवर ब्रिटिश सैन्य किनाऱ्याला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी चर्चिल सरकारने कम्युनिस्टांचा धोका सांगून राज्यघटनाच स्थगित केली. लोकांनी निवडलेलं सरकार १३३ दिवसांत गेलं! जगन आणि बर्नहॅम दाद मागायला लंडनला गेले, तिथून आपल्याकडे येऊन नेहरूंनाही भेटले.

पण खरा घाव पुढचा. १९५५ला या दोघांत फूट पडली आणि हळूहळू हिंदुस्थानी मतं एकीकडे, आफ्रिकी दुसरीकडे अशी वाटणी झाली. १९६६ला स्वातंत्र्य आलं, तेही या वाटणीसकट. याचा मोठा दोष मी लंडनला देतो. तरी ज्यांच्यावर विसंबून मजुरांनी वंश न बघता मत दिलं, त्या दोघांनाही मी मोकळं सोडणार नाही.

आपला नातू