आधी चूक शोधावी

पेढीचा हिशेब जुळला नाही तर कोणी वही फेकून देत नाही, चूक शोधतो. एका आजोबांनी हीच रीत नातवाच्या संगणकाला लावली.

क्रिकेटचा खेळ खेळताना चेंडू बॅटला लागे, पण आवाज मागाहून येई. मध्येच कडकड होई, चित्रही अडखळे. नातवाने नव्या संगणकाचा हट्ट धरला आणि वडीलही तयार झाले. आजोबा म्हणाले, "आधी कारण पाहू. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा."

प्रथम ब्लूटूथचा हेडफोन काढून तारेचा लावला. आवाजाचा उशीर गेला, कडकड मात्र राहिली. संगणक आवाजाचा थोडा साठा पुढे करून ठेवतो. प्रोसेसर अन्य कामांत गुंतला की तो साठा वेळेवर भरत नाही आणि आवाज तुटतो. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेथेही तीच ओढाताण होते.

टास्क मॅनेजर उघडला. कोणीही न वापरणारे अनेक प्रोग्राम संगणकासोबत आपोआप सुरू होत होते. ते बंद करताच कडकड थांबली. चित्रातील सावल्यांची पातळी उतरवली आणि खेळही सुरळीत झाला.

पाठशाळेत जाणारा नातू ती यादी पाहून म्हणाला, "आजोबा, हा तर संगणकाचा परिग्रह!"

आजोबा हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सामायिक आटोपून ते स्वतःचे कपाट उघडून बसले.