कापसाच्या डोंगरात हिमाची तालीम

बीड जिल्ह्यात बर्फ दोनच ठिकाणी दिसतो : उन्हाळ्यात गोळेवाल्याच्या गाडीवर आणि लग्नसराईत पाण्याच्या पिंपात. आमचा मुलूख पर्जन्यछायेतला. बालाघाटचे माथे उघडे, आणि बिंदुसरा नदीकडे पाहुणा आला की तिची ओळख करून द्यावी लागते. मातीला, दगडाला, दुष्काळाला आमच्या बोलीत हवी तितकी नावे आहेत. पण 'बर्फ' आला फारशीतून आणि 'हिम' संस्कृतातून. अशा ठिकाणी बसून हिमस्खलनातून जीव वाचविण्याची साधने पारखण्याचे काम मराठीच्या प्राध्यापकाकडे यावे, हा योग पत्रिकेत खासच लिहिलेला असला पाहिजे.

झाले असे की, पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा गेल्या वर्षी दिवाळीला आला तो गुलमर्गचा बेत घेऊनच. तेथे दोरवाटेने अफरवट शिखराच्या अंगाखांद्यापर्यंत जाता येते, आणि आखलेल्या वाटा सोडून कोऱ्या हिमावरून स्कीवर उतरता येते. या कोऱ्या हिमातच सारी मेख आहे. साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर नव्या हिमाचा थर खालच्या कच्च्या थरावरून सुटतो, आणि बहुधा त्याला सोडवतो तो त्यावर चालणारा माणूसच. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी गुलमर्गच्या उतारावर असाच लोट आला आणि एक रशियन स्कीपटू त्यात गेला.

माझ्या बहिणीला हे ठाऊक नव्हते. पण सियाचीन ठाऊक होते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी तेथे दहा जवान गाडले गेले. त्यांत साताऱ्याच्या माण तालुक्यातला एक तरुण होता. हणमंतप्पा कोप्पड सहाव्या दिवशी जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत गेले. ते दिवस बहिणीने दूरदर्शन संचासमोर बसून काढले होते. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, तो काही ऐकायचा नाही. निदान सामान तरी तू बघून घे. सगळ्यात भारी असेल ते. पैशाकडे पाहू नकोस."

सगळ्यात भारी म्हणजे एअरबॅग. पाठीवरच्या पिशवीची मूठ ओढली की फुगा फुलतो आणि माणूस लोटाच्या वर राहण्याची शक्यता वाढते. चिवड्याचा डबा हलवला की शेंगदाणे वर येतात, तेच शास्त्र. काहींत दाबलेल्या वायूची नळकांडी असते, आणि ती विमानात नेताना परवानगीची कटकट. काहींत विजेचा पंखा असतो. किंमत लाखाच्या घरात. शिवाय लोटाने झाडावर किंवा खडकावर आपटले, तर फुगा काय करणार?

दुसरीकडे तीन साधी साधने : ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडे. ट्रान्सीव्हर छातीशी बांधायचा. तो ४५७ किलोहर्ट्‌झवर सतत साद घालतो. एखादा गाडला गेला की बाकीचे आपापले यंत्र शोधावर लावतात. कोणत्याही कंपनीची यंत्रे एकमेकांची साद ऐकतात, हे मला फार आवडले. आमच्या विद्यापीठांना ते अजून जमलेले नाही. घ्यायचा तर तीन अँटेनांचा. भ्रमणध्वनी त्यापासून दूर ठेवायचा. प्रोब म्हणजे घडीची सळई, निदान २४० सेंटिमीटर. फावडे धातूचे, प्लास्टिकचे नको, कारण थांबलेला लोट काँक्रीटसारखा घट्ट होतो.

गेवराईला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची जिनिंग आहे. दिवाळीनंतर तेथे कापसाचे ढीग लागतात आणि चांदण्यात ते खरोखरच हिमाचे डोंगर वाटतात. त्याने आमच्या काडेपेट्या तपासल्या, भाच्याच्या यंत्राकडे संशयाने पाहिले आणि मग "सर म्हणतात म्हणून" एका कडेच्या ढिगात ट्रान्सीव्हर गोणीत घालून पुरू दिला. पुण्याहून भाच्याचा गुलमर्गचा जोडीदार आला होता. उंचापुरा, हसरा, आणि सगळे ठाऊक असलेला.

यंत्रातला बाण सरळ नेत नाही, वळणावळणाने नेतो. आकडा उतरत गेला की जवळ आलो. मग गुडघ्यांवर बसून यंत्र हिमालगत धरायचे, आडवे-उभे फिरवून सर्वांत लहान आकडा गाठायचा आणि तेथून चक्राकार सळई खुपसत जायची. लागली की ती तशीच ठेवायची आणि उताराच्या बाजूने आत खणायचे. भाच्याला सहा मिनिटे लागली. जोडीदार घाईने इकडेतिकडे धावला, आकडा वाढतोय हेही त्याने पाहिले नाही. बावीस मिनिटांनी हमालांनी हसत गोणी काढून दिली.

भाचा हसला नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर बहुतेक जण वाचतात; अर्ध्या तासानंतर थोडेच. हिशेब त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. छातीवरचे यंत्र कितीही उत्तम असले, तरी आपण गाडले गेल्यावर ते वापरणार तो जोडीदार.

परतताना आम्ही खजाना विहिरीवर थांबलो. निजामशाहीतली ही विहीर. तिच्या पोटातून निघालेल्या भुयारी नहरांनी किती पिढ्यांच्या शेतांना पाणी दिले! काठावर एक आबा बसले होते. उभी हयात विहिरी खोदण्यात गेलेली. भाच्याने त्यांना सहज विचारले, "आबा, दोर कसा निवडायचा?"

"दोर?" ते म्हणाले. "दोर बाजारात बी मिळतो. वर यारीवर कोण हाय ते आधी बघायचं. त्यो तंबाखू मळत बसणारा असंल, तर म्या खाली उतरतच न्हवतो."

भाऊबीजेला भाच्याने आईला सांगितले की तो एअरबॅग घेणार नाही. त्या पैशांत दोन संच येतील, एक त्याचा आणि एक जोडीदाराचा, आणि उरलेल्यात गुलमर्गचा जाणता वाटाड्या. बहीण माझ्याकडे अशी पाहू लागली, की जणू मीच तिचा लाख रुपये खाल्ला. जोडीदाराला त्याने अट घातली : दर रविवारी सिंहगडच्या पायथ्याशी शोधाचा सराव, आणि दहा मिनिटांच्या आत तीनदा सापडल्याशिवाय तिकीट नाही. मला वाटले, मैत्री संपली. पण तो पोरगा आला. पुढच्या रविवारीही आला.

फेब्रुवारीत दोघे गेले. बारा दिवसांपैकी चार दिवस वाटाड्याने त्यांना वर जाऊच दिले नाही. रात्रीतून पुष्कळ हिम पडले होते आणि वारा सुटला होता. ते हॉटेलात शेगडीपाशी काहवा पीत बसले. भाचा दूरध्वनीवर कुरकुरत होता. बहिणीने त्याला आठ दिवसांच्या स्कीविषयी काहीच विचारले नाही. त्या चार दिवसांत जेवायला काय होते, एवढे मात्र तिने तपशीलवार विचारून घेतले.