पालथं बाजलं

फाल्गुनात अंगणात अंथरुणं पडली की आजी उत्तरेकडे तोंड करून बसायची. सप्तर्षींना ती बाजलं म्हणायची. जेवणं उरकताना ते ईशान्येला उभं असायचं आणि मध्यरात्री पाहावं तर उत्तरेला वर चढून पालथं. "बाजलं पालथं झालं रे, आता तरी नीज," हे तिचं घड्याळ. आकाश नुसतं सरकत नाही, सरकता सरकता फिरतंही, हे मी तिच्याकडून शिकलो. त्याचं गणित पुढे फोटो काढायला लागल्यावर कळलं.

1997 च्या एप्रिलात हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी वायव्येला दिसायचा. त्याच्यासाठी अकोले तालुक्यातल्या आमच्या गावच्या सुताराकडून दोन फळ्या बिजागरीने जोडून घेतल्या. बिजागरीपासून सुमारे 23 सेंटिमीटरवर एक बोल्ट, एका फेऱ्यात एक मिलिमीटर सरकणारा. मिनिटाला एक फेरा दिला की वरची फळी पृथ्वीच्या चालीने उघडायची. बिजागरी मात्र नेमकी ध्रुवाकडे रोखायची. आमच्याकडे ध्रुव साडेएकोणीस अंशांवर, म्हणजे हात लांब केला तर जेमतेम दोन मुठी उंच. डोंगर नाहीतर आंब्याचं झाड आडवं आलं की सगळं सामान उचलून दुसरा बांध गाठायचा. भाऊ विजेरीला लाल कागद गुंडाळून घड्याळावर धरायचा, "पाव... अर्धा... पाऊण..." म्हणायचा आणि मी श्वास रोखून बोल्ट फिरवायचो. फळीचा आस पृथ्वीच्या आसाशी समांतर असल्यामुळे आकाशाचं सरकणं आणि फिरणं दोन्ही एकदमच सांभाळलं जायचं. रोल धुऊन आला तेव्हा स्टुडिओने अर्धे फोटो कोरे समजून छापलेच नव्हते. निगेटिव्ह उजेडात धरून एकेक ठिपका दाखवावा लागला. छत्तिसातले चार बरे निघाले. ते अजून माझ्याकडे आहेत.

आता पुतणीकडे डब्याएवढी दुर्बीण आहे. त्या दुर्बिणीला ध्रुव लागत नाही. वर-खाली आणि डावी-उजवीकडे अशा दोनच हालचाली तिला ठाऊक. कुठल्या ताऱ्यांकडे बघतेय हे ती स्वतः ओळखते आणि हवा तो तेजोमेघ मधोमध धरून ठेवते. पण तिची मान कायम सरळ. मृगाच्या पोटातला बाण उगवताना जवळजवळ उभा असतो आणि मावळताना आडवा कलतो. मान सरळ ठेवणाऱ्या दुर्बिणीच्या चौकटीतही तो तसाच कलत जाणार. मध्यभाग स्थिर, कोपऱ्यातले तारे मात्र गोल ओघळलेले. हेच ते फील्ड रोटेशन.

आमच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिमेला ते अगदी कमी असतं. मृगातला तेजोमेघ दक्षिणेला माथ्याकडे चढला की तासाला सुमारे 34 अंशांचा वेग गाठतं, आणि थेट डोक्यावर तर हाहाकारच. स्वाती नगर शहराच्या जवळजवळ बरोब्बर डोक्यावरून जाते. तिच्यामागे धावताना अशा दुर्बिणीला क्षणात अर्धं वर्तुळ गरकन वळावं लागतं. म्हणून दहा-दहा सेकंदांचेच फोटो घ्यायचे. तेवढ्यात मृगातल्या तेजोमेघाची चौकट अंशाच्या दहाव्या भागाएवढीच फिरते. मग सॉफ्टवेअर प्रत्येक फोटो उलटा फिरवून आधीच्यावर बसवतं. शेजारच्या पुणे जिल्ह्यात, गिरवलीला आयुका या खगोलशास्त्र संस्थेची 2 मीटरची दुर्बीणही याच धाटणीची आहे. तिथे दुर्बिणीच्या पाठीवरचं उपकरणच हळूहळू उलटं फिरवतात.

पुतणीच्या एका रात्रीत मिळतं ते मला अख्ख्या उमेदीत मिळालं नाही. याचा मला मनापासून आनंद आहे. जीव तुटतो तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. भंडारदऱ्याच्या वाटेवर आता दिव्यांचे झोत आहेत. त्यांचा धुरकट उजेड क्षितिजालगत साचतो आणि आमचा ध्रुव नेमका तिथेच, खाली. पूर्वी तो दिसला नाही तर काम अडायचं, म्हणून आम्ही त्याला शोधायचोच. आता त्याच्यावाचून फोटो बिघडत नाही, म्हणून तो बुडाल्याचं कुणाच्या ध्यानातही येत नाही.

माघातल्या एका रात्री पुतणीला म्हटलं, "जुळवलेला फोटो राहू दे. पहिला आणि तासाभरानंतरचा, दोन्ही तसेच दाखव." तिने पडद्यावर शेजारी शेजारी लावले.

"काका, हा कललाय की!"

मग आपोआपच तिने हातातला फोन हळूहळू वळवला, दुसऱ्यातला तेजोमेघ पहिल्यासारखा दिसेपर्यंत. तिसेक अंश. सॉफ्टवेअर जे शेकडो वेळा गुपचूप करतं, ते तिच्या मनगटाने एकदा केलं.

मी तिला मळ्यातले दिवे मालवायला लावले आणि ईशान्येला वळवलं. बाजलं उभं होतं. ते पालथं होईपर्यंत जागायचं, असं आमचं दोघांचं ठरलं.