चढाई की पकड? दोन कोटींच्या बोलीमागचा शंभर वर्षांचा वाद

9 आणि 10 ऑक्टोबर 2023. मुंबईत प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या मोसमाचा लिलाव सुरू होता. संपूर्ण संघ उभा करण्यासाठी प्रत्येक मालकाच्या हाती होते 5 कोटी रुपये. तेलुगू टायटन्सने त्यातले 2 कोटी 60 लाख 50 हजार रुपये एकट्या पवन सेहरावतवर लावले. पवन चढाईपटू, दोनच दिवसांपूर्वी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली भारताने इराणला 33-29 असे नमवून सुवर्णपदक परत आणले होते. त्याच लिलावात पुणेरी पलटणने 2 कोटी 35 लाख रुपये मोजले ते पराभूत इराणी संघातल्या मोहम्मदरेझा शादलूसाठी. शादलूचे काम डाव्या कोपऱ्यात उभे राहून आलेल्या चढाईपटूला परत जाऊ न देण्याचे.

एकाच दालनात, एकाच खेळासाठी, दोन संघांनी दोन अगदी विरुद्ध उत्तरे दिली. प्रश्न मात्र एकच होता, आणि तो लिलावापेक्षा फार जुना आहे: पैसा कुणावर लावायचा, गुण आणणाऱ्यावर की गुण अडवणाऱ्यावर?

अमेरिकेत हाच प्रश्न त्यांच्या फुटबॉलमध्ये दरवर्षी उगाळला जातो. तिथे महाविद्यालयीन खेळाडूंची निवड लिलावाने नव्हे, पाळीपाळीने होते. आदल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघाला पहिली पाळी. 8 फेब्रुवारी 1936 रोजी फिलाडेल्फियात अशी पहिली निवड झाली, तेव्हा सर्वांत आधी नाव पुकारले गेले ते जे बर्वँगर या खेळाडूचे, आणि तो त्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. तेव्हापासून तिथले रसिक भांडत आले आहेत की, पहिली पाळी चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर खर्चावी की बचावफळीवर. क्वार्टरबॅकच्या जागी चढाईपटू ठेवला, तर हे भांडण शब्दशः ठाणे जिल्ह्यातल्या कुठल्याही मैदानाच्या कडेला ऐकू येईल.

अंबरनाथमध्ये तर नक्कीच. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख मिरवणारे शिलाहारकालीन शिवमंदिर एका अंगाला, संरक्षण साहित्याच्या कारखान्यांच्या वसाहती दुसऱ्या अंगाला, आणि कोकणातून-घाटावरून कामासाठी येऊन स्थिरावलेली कुटुंबे. गावाकडची हुतूतूची माती याच लोकांबरोबर लोकलने इथवर आली. थंडी पडली की मंडळांच्या स्पर्धा, प्रकाशझोत, कडेने दाटलेले प्रेक्षक. आणि सामना संपल्यावर सामन्यापेक्षा लांबणारी चर्चा.

या चर्चेचा पाया समजायचा तर हुतूतूच्या नियमांपाशी जावे लागते, कारण चढाई मोठी की पकड, हे खेळाडूच्या अंगातल्या ताकदीइतकेच नियमांच्या लेखणीवरही ठरत आले आहे.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात महाराष्ट्रात या खेळाला लेखी नियम देण्याचे प्रयत्न सुरू झाले. 1923 साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने सुधारित नियमांनुसार स्पर्धा भरवली. 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांसमोर केली. 1950 मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. त्याआधी मात्र हा एक खेळ नव्हताच. दक्षिणेत चेडुगुडु, बंगालमध्ये हाडुडु, इथे हुतूतू. आणि या सर्वांत तीन मुख्य प्रकार: अमर, गामिनी आणि संजीवनी.

वादाची खरी गोम या तीन नावांत आहे.

अमर प्रकारात बाद झालेला खेळाडू मैदान सोडतच नाही. प्रतिपक्षाच्या खात्यात एक गुण जमा होतो, खेळ पुढे सरकतो. म्हणजे अव्वल चढाईपटूला कितीही वेळा पकडा, पुढच्या पाळीला तो पुन्हा हजर. अशा खेळात पकडीची किंमत एका गुणाएवढीच. उलट गामिनीत बाद झालेला खेळाडू त्याचा सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत बाहेरच बसतो. तिथे प्रतिपक्षाचा मोहरा एकदा धरला की पुढचा सारा डाव त्याच्याविना! अमर हा चढाईपटूंचा खेळ असेल, तर गामिनी निःसंशय कोपऱ्यांचा.

महासंघाने स्वीकारली ती संजीवनी. समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत होऊन आत येतो. ही तडजोड होती आणि तडजोडीने वाद मिटला नाही, उलट कायमचा जिवंत राहिला. संजीवनीत पकडलेला चढाईपटू मरत नाही, पण लगेच परतही येत नाही. तो किती वेळ बाकावर बसेल हे त्याच्या उरलेल्या सहकाऱ्यांवर अवलंबून. त्यामुळे पकडीची खरी किंमत गुणफलकावर दिसतच नाही. फलकावर एक गुण चढतो; पण बाकावरच्या चढाईपटूच्या हुकलेल्या तीन-चार चढायांची नोंद कुठे होते?

भाचा आणि मामा अशी एक जोडी डोळ्यांसमोर आणावी. अंबरनाथच्या कानसई भागात अशा जोड्यांना तोटा नाही. मामा कारखान्यातून निवृत्त, उमेदीत उजवा कोपरा सांभाळलेले, गुडघा आता जिना चढताना कुरकुरतो. भाच्याचा मोबाइल आकडेवारीने भरलेला.

"मामा, परदीप नरवालने एका मोसमात 369 गुण आणलेत चढाईचे. कुठल्या कोपऱ्याने एवढे आणलेत, सांगा!"

"आणलेत ना रे, कोण नाही म्हणतंय. पण त्याला घोट्यात धरणाऱ्याच्या मागे आणखी तिघं असतात, त्यांची नावं तुझ्या मोबाइलात आहेत का?"

मामांचा मुद्दा भावनिक वाटतो, पण तो हिशेबाचा आहे. पकड बहुधा सामुदायिक असते. कोपऱ्याने घोटा धरला, शेजारच्याने कमरेला मिठी घातली, साखळीने मध्यरेषेकडची वाट अडवली, तेव्हा कुठे एक गुण होतो. आणि तो ज्याने पकड सुरू केली त्या एकाच्या नावावर लागतो. चढाईपटू एकटा जातो आणि चौघांना बाद करून आला, तर चारही गुण त्याचे. याचा परिणाम कागदावरच्या आकड्यांपुरता राहत नाही. रेल्वे, पोलीस, बँका आणि तेलकंपन्या यांच्या संघांत खेळाडू म्हणून मिळालेली नोकरी हाच महाराष्ट्रातल्या कबड्डीपटूचा अनेक दशके खरा आधार राहिला आहे. निवडणाऱ्याच्या नजरेत आधी कोण भरतो? ज्याच्या नावापुढे आकडा असतो तो. साखळीतला तिसरा गडी गावाकडच्या शेतावर किंवा औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी पाळीवर परततो.

भाच्याची बाजूही पोकळ नाही. 28 ऑक्टोबर 2017 चा चेन्नईतला अंतिम सामना आठवावा. गुजरातच्या कोपऱ्यांत फझल अत्राचली आणि अबोझर मिघानी हे दोन इराणी, त्या मोसमातली सर्वांत धास्ती घालणारी जोडी. समोर पाटण्याचा परदीप. निकाल 55-38, पाटण्याचे सलग तिसरे विजेतेपद, परदीपचे 19 गुण. पुढच्या मोसमातही अंतिम फेरीत गुजरातच. 5 जानेवारी 2019 रोजी मुंबईत पवन सेहरावतने एकट्याने 22 गुण आणले आणि बंगळूरुने 38-33 अशी बाजी मारली. एका दिवसाचा सवाल असेल, तर पेटलेल्या चढाईपटूपुढे तटबंदी कोसळते, हे दोनदा सिद्ध झाले आहे.

प्रश्न एका दिवसाचा नसतो, ही अडचण आहे. मोसम लांब असतो आणि लिलाव मोसमाआधी होतो.

अंबरनाथकरांच्या जवळचा संघ यू मुंबा. या संघाचा इतिहास म्हणजे या वादाची प्रयोगशाळाच. 2015 मध्ये बंगळूरुला 36-30 असे हरवून तो विजेता झाला, तेव्हा अनुप कुमारच्या शांत चढायांचे कौतुक सर्वत्र झाले. मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा या कोपऱ्यांचे त्यामानाने कमी. 2016 च्या चौथ्या मोसमाआधी हे दोघे बंगळूरुकडे गेले, मोहित 53 लाखांना, त्या मोसमातला सर्वांत महागडा खेळाडू म्हणून. अनुप मुंबईतच राहिला. पहिल्या तिन्ही मोसमांत अंतिम फेरी गाठणारा संघ त्या वेळी प्रथमच उपांत्य फेरीपर्यंतही पोहोचला नाही. (बंगळूरुही पोहोचले नाही, हे मामा सांगत नाहीत.)

2018 मध्ये मुंबईने शहाणपण दाखवले. फझल अत्राचलीसाठी 1 कोटी मोजले. लीगच्या इतिहासात कोटीचा आकडा गाठणारा पहिला खेळाडू असा एक बचावपटू ठरला. त्याच लिलावात हरियाणाने चढाईपटू मोनू गोयतसाठी 1 कोटी 51 लाख लावले आणि आपल्या गटात तळ गाठला. मुंबईने चढाईसाठी घेतला तो कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई, 36 लाख 40 हजारांत. पहिल्याच मोसमात त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण आणले.

मग आला एप्रिल 2019, खरी कसोटी. सिद्धार्थ आता मराठी घराघरांतले नाव. मुंबईने फझलला कायम ठेवले. सिद्धार्थ लिलावात गेला आणि 1 कोटी 45 लाखांना तेलुगू टायटन्सचा झाला. अंबरनाथपासून चंदगडपर्यंत हळहळ झाली असेल तर नवल नाही: आपला मुलगा सोडला आणि इराणचा ठेवला! सिद्धार्थने टायटन्ससाठीही दोनशेहून अधिक गुण आणले. संघ बारांमध्ये अकरावा आला. मुंबई चौथी आली, उपांत्य सामन्यात बंगालकडून अवघ्या दोन गुणांनी हरली. सिद्धार्थमध्ये काही कमी नव्हते; त्याने आणलेले गुण मागची फळी गळू देत होती.

इराणी बचाव हे एव्हाना निव्वळ लीगपुरते प्रकरण उरले नव्हते. 1990 च्या बीजिंगपासून आशियाई सुवर्णपदक भारताने कधी गमावले नव्हते. ऑगस्ट 2018 मध्ये जकार्तात उपांत्य सामन्यात इराणने भारताला 27-18 असे रोखले. अठरा गुण! नावाजलेल्या चढाईपटूंनी भरलेला संघ आणि चाळीस मिनिटांत अठरा. तो पराभव पाहिलेल्यांना पुण्याने शादलूवर एवढा पैसा का ओतला, हे समजावून सांगावे लागत नाही.

अंबरनाथहून दिसणारा मलंगगड अशा वेळी आठवतो. 1780 मध्ये, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, कॅप्टन अ‍ॅबिंग्टनच्या तुकडीने अचानक छापा घालून गडाचा खालचा भाग घेतला. चढाई यशस्वी. वरचा भाग मात्र मराठ्यांनी सोडला नाही आणि छापा घालणारेच वेढ्यात सापडले. त्यांना सोडवायला दुसरी फौज यावी लागली. आत शिरण्याइतकेच बाहेर पडणेही महत्त्वाचे, हा कबड्डीचा पहिला नियम इंग्रजांना तिथे बराच महागात पडला.

2023 च्या लिलावाचे पुढे काय झाले? पवनने टायटन्ससाठी चढाईचे दोनशे गुण ओलांडले. टायटन्सने 22 पैकी दोन सामने जिंकले आणि शेवटचा क्रमांक घेतला. पुणे 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत, टायटन्सच्याच गावात, हरियाणाला 28-25 असे हरवून प्रथमच विजेते झाले. कर्णधार अहमदनगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. शादलू मोसमातला सर्वोत्तम बचावपटू. पुढच्या मोसमात हरियाणाने 2 कोटी 7 लाखांना शादलूलाच उचलले आणि 29 डिसेंबर 2024 रोजी पुण्याच्या बालेवाडीत पाटण्याला 32-23 असे हरवून तेही प्रथमच विजेते झाले.

मामांनी इथे चहा मागवावा, इतका हा पुरावा गोड आहे. पण पुण्याच्या अंतिम सामन्याचा तपशील भाच्याच्या बाजूचा आहे. अटीतटीची लढत फुटली ती पंकज मोहितेने एकाच चढाईत आणलेल्या चार गुणांनी. शादलूच्या फळीने हरियाणाला पंचविसांवर थोपवले नसते, तर ते चार गुण पुरले नसते; आणि ते चार गुण नसते, तर थोपवूनही करंडक आला नसता. पवनची 2022 ची कहाणी तर दोन्ही बाजूंना गप्प करते. त्या वर्षी तमिळ थलायवाजने त्याला 2 कोटी 26 लाखांना घेतले. पहिल्याच सामन्यात, काही मिनिटांतच, त्याचा गुडघा दुखावला आणि मोसम संपला. दुखावला तोही चढाईत नव्हे, पकडीला गेला असताना. आणि त्याच्याविना खेळलेला तो संघ प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला.

मंडळांच्या पातळीवर या चर्चेचा शेवट साधा असतो. बाहेरून एकच खेळाडू आणण्यापुरती वर्गणी असते आणि पोरे चढाईपटूच मागतात, कारण प्रेक्षक त्याच्यासाठी येतात. कोपरा घरचाच असतो, गुडघ्याला पट्टी बांधून उभा. लिलावाच्या दालनात मात्र चित्र हळूहळू बदलत गेले आहे. 2025 च्या लिलावात सर्वांत मोठी बोली लागली ती शादलूवर, गुजरातकडून 2 कोटी 23 लाख. दुसरी देवांक दलालवर, आदल्या मोसमात चढाईचे तीनशे गुण ओलांडलेला पाटण्याचा चढाईपटू. बंगालने त्याला 2 कोटी 20 लाख 50 हजारांना घेतले. दोघांच्या किमतींत फरक अडीच लाखांचा.