पाहुण्याने पैसे मोजावेत

खेड्यात राहायला आणि जेवायला पैसे मोजून जायचं, ही कल्पना मला पुष्कळ वर्षं अजिबात पटत नव्हती. आता ती नुसती पटते असं नाही, तीच मला जास्त माणुसकीची वाटते. हे मत कसं बदलत गेलं ते सविस्तर सांगावंसं वाटतं. उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) एखाद्या गावात जाऊन ‘काहीतरी करावं’ असं मनापासून वाटणारी पुण्या-मुंबईची मुलं मला भेटत असतात. त्यांना मी पूर्वी जे सांगायचे, ते आता सांगत नाही.

आमच्या पिढीवर श्रमदानाचे संस्कार झाले. 1969 साली, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि कॉलेजातली मुलं काही दिवस खेड्यात मुक्कामाला जाऊ लागली. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या छावणीत घाम गाळून आलेली माणसं तर आम्हाला वेगळ्याच उंचीची वाटायची. पुढे 2016 मध्ये पानी फाउंडेशनची जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा आली. 2018 साली ती 75 तालुक्यांत पोचली आणि 1 मेच्या महाश्रमदानाला शहरातली माणसं ‘जलमित्र’ होऊन कुदळ-फावडं घेऊन माळरानावर उतरली. या सगळ्यात माझी पक्की धारणा अशी होती, की आपण घाम द्यावा, गावाने भाकरी द्यावी आणि मध्ये पैसा येऊ नये. पैसा आला की नात्याचा धंदा होतो.

त्या धारणेला पहिला धक्का बसला तो जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका गावात, ऐन मे महिन्यात. आपला जिल्हा केवढा विषम आहे हे नगरकरांना सांगायला नको. सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघर-रतनवाडीला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि पाथर्डी-जामखेडकडे वर्षाला जेमतेम 500-600 मिलिमीटरवर भागवावं लागतं. आम्ही गेलो होतो त्या गावाला टँकर लागला होता. श्रमदानाला आलेला आमचा मोठा जथा शाळेत उतरला होता. प्यायला, आंघोळीला, भांड्यांना लागणारं पाणी आमच्यासाठी कुठून तरी येत होतं. ते कुठून येतंय हे मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. ज्या घरी आमच्या भाकऱ्या होत होत्या, त्या घरच्या मावशी स्वतःच्या वाट्याच्या हंड्यांतलं पाणी आमच्या पिंपात ओतत होत्या. मी म्हटलं, “मावशी, राहू द्या, आम्ही भागवू.” त्यावर त्या म्हणाल्या, “आता पाव्हण्याला नाही कसं म्हणायचं, ताई?”

त्या वाक्याने मी विचारात पडले. आम्ही फुकट काम करत होतो, म्हणून गावावर आमचा भार नाही असं मी धरून चालले होते. खरं तर भार होता आणि तो सगळ्यात जास्त त्या घरच्या बाईवर होता. पाहुणचाराचा संस्कार इतका खोल, की तो भार बोलून दाखवायचीही सोय तिला नव्हती.

दुसरी गोष्ट कामाची. डोंगरउतारावर सलग समतल चर खणायचा, म्हणजे आधी समपातळीची रेघ काढायची. त्यासाठी हायड्रोमार्कर वापरतात, म्हणजे दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. दोन्हीकडे पाणी सारख्या खुणेवर आलं, की ते दोन बिंदू एकाच पातळीत आहेत असं समजायचं आणि फक्की टाकायची. मग त्या रेघेवर चर खणून माती उताराच्या बाजूला रचायची. रेघ थोडी जरी कलली, तरी पावसाचं पाणी एका टोकाला धावतं आणि बांध फोडतं. हे तंत्र गावातली पोरं-पोरी प्रशिक्षण घेऊन नीट शिकली होती. आमच्या हातांनी खणलेल्या चरांची खोली आणि भराव मात्र संध्याकाळी गावातल्या बायका पुन्हा सारख्या करताना दिसल्या. कोणी एका शब्दाने आम्हाला बोललं नाही. त्या गावाला हात हवे होते हे खरं, पण काम पेलणारे हात त्यांच्यापाशीच होते.

मग मी आपल्याच जिल्ह्याकडे नव्याने पाहू लागले. हिवरे बाजार घ्या. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री राळेगणसिद्धीने आधी दाखवली होती, ती या गावाने आपली केली. बोअरवेलचं पाणी शेतीला नको, ऊस-केळी नको, पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पीक ठरवायचं, हे ग्रामसभेत बसून ठरलं. तिथलं श्रमदान टिकलं, कारण ते निर्णयाच्या पोटातून आलं होतं. बाहेरून येणारा माणूस तिथे शिकायला येतो आणि तो शिकायलाच आलाय हे त्यालाही ठाऊक असतं.

जामखेडची गोष्ट तर याहून मोठी. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावांनी आपल्यातल्याच बायका निवडून दिल्या. त्यांतल्या अनेकजणी निरक्षर, काही दलित वस्तीतल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या आरोग्यसेविका झाल्या. बाळंतपणं, जुलाब, कुपोषण, कुष्ठरोग यांवर गावातच काम करू लागल्या. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की देशोदेशींचे डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला शिकायला येतात आणि शिकवणाऱ्यांमध्ये या बायका असतात. परदेशातून आलेला शिकलेला माणूस फी भरून नगर जिल्ह्यातल्या शेतकरीण बाईसमोर वही उघडून बसतो. सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणतात ती याहून वेगळी काय असणार?

जगातही हा धडा जुना आहे. पिएर सेरेसोल या स्विस शांतिवाद्याने 1920 साली, पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या व्हर्दूनजवळच्या एन या गावी पहिलं आंतरराष्ट्रीय श्रमशिबिर भरवलं. स्वयंसेवकांत जर्मनही होते. हेतू निर्मळ होता, तरी स्थानिक विरोधामुळे काही महिन्यांतच ते आटोपतं घ्यावं लागलं. हाच माणूस 1934 च्या भूकंपानंतर बिहारमध्ये आला आणि तिथल्या माणसांसोबत घरं उभारायला राबला. मदत किती चांगली आहे यापेक्षा ती ज्यांना करायची त्यांची त्यात किती संमती आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

पैशाबद्दलचं माझं मत पूर्ण फिरलं ते अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत. महादेव कोळी समाजाचं हे गाव. ग्रासरूट्स या संस्थेच्या साथीने गावकरी तिथे बरीच वर्षं पर्यटन चालवताहेत. वाटाड्या गावातला, जेवण पाळीपाळीने गावातल्या घरांत. मी ज्या घरी जेवले तिथल्या ताईंनी मला चुलीपाशी बसवून नागलीची भाकरी थापायला दिली. माझी भाकरी कडेला फाटली तेव्हा त्यांनी ती सरळ मोडून, पीठ पुन्हा मळून, हाताला पाणी किती लावायचं ते दाखवलं. संकोच नाही, उगाच कौतुक नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सहज सांगितलं, “आज आमच्याकडं नाही जमायचं, भाताच्या आवणासाठी राब भाजायचाय. शेजारी जेवा.”

‘जमायचं नाही’ हे त्यांना म्हणता आलं. त्यांच्या जेवणाला दर होता, पाळी होती, गावाचा नियम होता, म्हणून म्हणता आलं. टँकरच्या गावातल्या मावशींना ती मोकळीक नव्हती. पैशाने नात्याचा धंदा होतो असं मी समजत होते. इथे पैशामुळे यजमानीण माझ्या बरोबरीने बसली होती. कष्टाचं मोल उघडपणे दिलं-घेतलं गेलं, की उपकाराचं ओझं दोघांच्याही डोक्यावरून उतरतं आणि मग खऱ्या गप्पांना जागा होते.

पैसा म्हणजे सगळं असंही मी म्हणणार नाही. मेअखेरीस, जूनच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या पट्ट्यात काजवे पाहायला गाड्यांची रीघ लागते. काजव्यांचा लुकलुकाट म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. गाड्यांचे दिवे आणि मोबाइलच्या विजेऱ्या त्यातच घोळ घालतात. तिथेही लोक पैसे मोजतातच. फरक पडतो तो गावातला वाटाड्या विजेरी बंद करायला लावतो तिथे आणि पाहुणा निमूट ऐकतो तिथे. दर ठरवणं आणि नियम ठरवणं, दोन्ही गावाच्याच हाती हवं.

श्रमदानावरची माझी माया आटलेली नाही. एकत्र घाम गाळल्याने माणसांमधलं अंतर कमी होतं, हे मी अनुभवलं आहे. म्हणून मुलांना आता एवढंच सांगते: गावाने बोलावलं तरच जा. टँकरच्या गावात मोठा जथा नेऊ नका. राहण्या-खाण्याचे पैसे न मागता द्या, तेही घरच्या बाईच्या हातात. काम कोणतं आणि किती, ते ग्रामसभेला ठरवू द्या. जमलं तर दहा गावं हिंडण्यापेक्षा एकाच गावी पुन्हा जा.

आणि आपलं दार उघडं ठेवा. माझ्या ओळखीच्या गावातली मुलगी पुण्याला परीक्षेला आली की आता आमच्याकडे उतरते. दवाखान्याचं काम निघालं की कोणाची तरी आई येते, आमच्या स्वयंपाकघरात चहा टाकते, शहराच्या पाण्याच्या उधळपट्टीबद्दल दोन शब्द स्पष्ट सुनावते. ते ऐकून घेणं हा माझ्या प्रवासाचाच भाग आहे, असं मी मानते. ज्या गावात आपण राहून आलो, त्या गावातलं माणूस आपल्या घरी हक्काने राहू शकत नसेल, तर आपण तिथे फक्त सहलीला गेलो होतो.