साडेसातच्या अलीकडे

वैद्यकीय विम्याच्या लेखी दृष्टिदोष साडेसात डायॉप्टरपाशी सुरू होतो. त्याखालच्या नंबराच्या उपचाराचा खर्च विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली प्रमाणित केलेल्या अपवादांत मोडतो. माझा नंबर उणे साडेसहा. चष्मा काढला की पहिल्या बाकावरचे चेहरेही पुसले जातात; पण एवढ्याशा धूसरतेला विमा आजार मानत नाही.

दोन्ही डोळ्यांच्या लेसर शस्त्रक्रियेसाठी मला सांगितलेली रक्कम ८५ हजार रुपये. सोबत ‘बिनव्याजी’ हप्त्यांची सोय. प्रक्रिया-शुल्क अर्थातच वेगळे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याचे मानधन महिनोन्‌महिने रखडते, उन्हाळ्यात तर तासच नसतात. हप्त्याला मात्र मे महिन्याची सुट्टी नसते.

तरीही कर्ज काढले असते. अडचण निराळीच निघाली. लेसर बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला नवा आकार देतो. वयोमानाने ताठर होत जाणाऱ्या आतल्या भिंगाला तो हात लावत नाही. वय आणि चष्मा या दोहोंना ‘चाळिशी’ हा एकच शब्द देणारी आपली भाषा याबाबतीत भलतीच स्पष्टवक्ती आहे! आज चष्म्याविना पुस्तक डोळ्यांपासून १५ सेंटिमीटरवर धरले की अक्षर स्वच्छ दिसते. दूरचे सुधारून घेतले, तर सेहेचाळिसाव्या वर्षी हे निकटचे सुख जाणार. एक डोळा दूरसाठी आणि दुसरा वाचनासाठी राखण्याची तडजोडही सुचवली गेली. पण ज्याची उपजीविकाच छापील मजकुरावर, त्याने अर्ध्या दृष्टीने वाचण्यासाठी पूर्ण रक्कम मोजावी का?

तूर्त पोस्टातल्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत दरमहा १५०० रुपये भरते आहे. मुदत संपेल तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची असेन.