रिटायर झाल्यावर करू

वाशीत पहिल्यावहिल्या इमारतींत राहायला आलेल्या आमच्या आईबाबांच्या पिढीत एक वाक्य घरोघरी ऐकू येई : ‘रिटायर झाल्यावर करू.’ पेटी शिकायची राहिलीय, रिटायर झाल्यावर. पोस्टाची तिकिटं अल्बममध्ये लावायचीत, रिटायर झाल्यावर. सलग ज्ञानेश्वरी, मोडी लिपी, कन्याकुमारी, गावच्या घराची कौलं, सगळ्याला तीच तारीख. आमच्याकडे पेटी माळ्यावर असे. दिवाळीच्या आवराआवरीत ती खाली येई, बाबा तिच्यावरून फडकं फिरवत, दोन सूर दाबून बघत आणि ती परत वर जाई. ते निवृत्त झाले तेव्हा पेटी कायमची म्हणून खाली आली. भाता फाटला होता, काही पट्ट्या दाबल्या की दाबलेल्याच राहत. दुरुस्त करून आणली, क्लास लावला. अलंकार सुरू झाले तोवर मांडी घालून बसायला गुडघे तयार होईनात आणि पेटीनं पुन्हा माळा गाठला. तिकिटं दमटपणानं एकमेकांना चिकटलेली निघाली. कन्याकुमारी तेवढी झाली.

राखून ठेवलेले छंद बहुधा टिकतच नाहीत, असं मला आता वाटतं. त्या पिढीचे जे टिकले, त्यांना ती मंडळी छंद म्हणतसुद्धा नव्हती.

वेळ नव्हता, हे मात्र खरं. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची, खाडीवरचा पहिला पूल १९७३ चा, पण पूल झाला म्हणून लोकल आली नव्हती. तेव्हा मानखुर्द हे हार्बरचं शेवटचं स्टेशन. तिथवर बस, पुढे गाडी, आणि मग फोर्ट नाहीतर बॅलार्ड पियरचं ऑफिस. गिरगाव-लालबागच्या चाळी सोडून इथे आलेल्यांना स्वतःचा नळ, स्वतःचा संडास आणि बाल्कनी मिळाली. शेजार मिळाला नाही. चाळीत तो भाड्यातच धरलेला असतो. इथे जिन्यात समोरासमोर दारं, एकामागे तमिळ कुटुंब, दुसऱ्यामागे सरदारजी, आणि दोन्ही बंद. ओळखी झाल्या त्या बसच्या रांगेत. त्याच वेळी तेच चेहरे, एखादा दिसला नाही की दुसऱ्या दिवशी ‘काय, काल दांडी?’ एवढ्यावर सुरुवात. बाबांच्या सगळ्यात जिवलग मित्राचं आडनाव त्यांना किती तरी दिवसांनी, लग्नाच्या पत्रिकेवरून कळलं. तोवर ते नुसते ‘छत्रीवाले’ होते.

मग ९ मे १९९२ ला मानखुर्द-वाशी गाडी सुरू झाली. त्याचं आमच्या घरात काय अप्रूप होतं, हे आज पाम बीच रोडवरून गाडी हाकणाऱ्या मुलांना सांगून पटणार नाही. सुरुवातीला वाशी हेच शेवटचं स्टेशन होतं. म्हणजे गाडी इथून सुटणार, म्हणजे बसायला जागा! १९९३ मध्ये मार्ग बेलापूरपर्यंत गेला, १९९८ मध्ये पनवेलपर्यंत, आणि खिडक्या नेरूळ-बेलापूरकरांच्या झाल्या. पण तोवर डब्यांतले संसार थाटून झाले होते. एका डब्यात भजनी मंडळी, टाळ बॅगेत आणि ठेका दरवाजाच्या पत्र्यावर. पलीकडे मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून रमी. दसऱ्याला डब्याला झेंडूचं तोरण, गाडीची पूजा, पेढे. आमचे बाबा शब्दकोड्याच्या गटातले. पेपर एकाचा, पेन दुसऱ्याचं आणि आडवे-उभे शब्द सगळ्यांचे. कोडं वडाळ्यापर्यंत सुटलं तर दिवस चांगला, नाही तर उरलेला शब्द ऑफिसातून फोन करून कळवायचा. ऑफिसच्या फोनचा असा वापर केल्याबद्दल त्या पिढीला, इतर बाबतींत कमालीच्या काटेकोर असूनही, अजिबात अपराधी वाटत नसे.

निवृत्तीनंतर पेटी राहून गेली, कोडं मात्र राहून गेलं नाही. छत्रीवाले काका दहाच्या सुमारास फोन करत आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारत, ‘उभा सात?’

याच गटात गीतमालावाले काका होते. रेडिओ सिलोनवर १९५२ मध्ये बिनाका गीतमाला सुरू झाली, बुधवारी रात्री आठला, आणि ती पिढी त्या वेळेला कुठल्याही कामाला हात लावत नसे हे आपण ऐकलेलं असतं. या काकांनी ती लिहून काढली होती. शंभर पानी वह्या, तपकिरी पुठ्ठ्याच्या. दर पानावर आखलेले रकाने : तारीख, पायदान, गाणं, चित्रपट, संगीतकार, गीतकार. गाणं वर चढलं तर हिरवा बाण, उतरलं तर लाल. शॉर्टवेव्हची खरखर वाढून नाव नीट ऐकू आलं नाही तर तिथे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह, आणि दुसऱ्या दिवशी कुणाला तरी विचारून ते खोडून शाईत नाव. बिनाकाची सिबाका झाली त्या आठवड्याच्या पानावर मथळ्याखाली दुहेरी रेघ. १९८९ मध्ये कार्यक्रम विविध भारतीवर आला तेव्हा पुन्हा एक. त्या वह्या गाडीतला वाद मिटवायला ब्रीफकेसमधून येत आणि वाद मिटवून घरी जात. एखादं गाणं किती आठवडे कुठल्या पायदानावर होतं यावर पन्नाशीतली माणसं तावातावानं भांडत, आणि वही उघडली की हरलेला पक्ष म्हणे, ‘तुमच्या वहीत चूक असेल.’ फेब्रुवारी २०२४ मध्ये गीतमालेचे निवेदक अमीन सयानी गेल्याची बातमी आली तेव्हा त्या गटातले जे उरले होते त्यांनी एकमेकांना फोन केले. काका स्वतः तेव्हा नव्हते. त्यांच्या सुनेला सगळ्यांचा एकच प्रश्न होता : वह्या आहेत ना?

आहेत. टाकायला निघालेल्या रद्दीतून नातीनं त्या उचलल्या, एवढं सांगते.

बायकांच्या बाबतीत हे सगळं वेगळं होतं. ‘रिटायर झाल्यावर करू’ हे वाक्य मी आईच्या किंवा कुठल्याच काकूच्या तोंडी ऐकलं नाही. आई शिक्षिका, अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळेतून निवृत्त झाली आणि त्याच संध्याकाळी कुकर लावायला आत गेली. त्यामुळे त्यांचे छंद पहिल्यापासूनच कामाच्या पोटात दडवलेले. रेडिओवर ‘आपली आवड’ लागलेली असताना हातात क्रोशाची सुई. कालनिर्णयचा महिना संपला की पान उलटून मागची पाककृती कात्रीनं काढून घ्यायची. ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक तर १९७० पासून प्रत्येक घरात, तेलकट बोटांच्या खुणांसह. पण खरा ऐवज म्हणजे आईची पाककृतींची वही, बाबांच्या ऑफिसातून मिळालेल्या एका जुन्या डायरीत लिहिलेली. प्रत्येक पाककृतीच्या वर ती देणारीचा पत्ता. ‘समोरच्या अम्मांचं रसम’, ‘तळमजल्यावरच्या भाभींचे छोले (अमृतसर)’, ‘पीटीच्या टीचरचं अवियल’. त्या काळी वाशीत मराठी बाई शेजारणीकडे रसम शिकायला जात असे आणि पुरणपोळी शिकवून परत येत असे. बंद दारं अशी उघडली. पुरुषांना त्यासाठी लोकल यावी लागली.

त्याच वहीत शेवटी ‘मावशीचा जिताडा’ आहे. ही मावशी दिवाळ्याच्या कोळीवाड्यातली, पाटी घेऊन दारावर येणारी. खाडीतला जिताडा, निवट्या, चिंबोऱ्या. आईला ती ‘बाय’ म्हणे, आणि भाव करायला आई कच्ची आहे हे पहिल्या दिवशीच ओळखून स्वतःच एक मासा जास्त टाकी. बोलता बोलता एकदा तिनं सांगितलं की तिच्या माहेरची भातखाचरं जिथे होती तिथे आता कुठला तरी सेक्टर आहे. या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, गोळीबारात पाच जण गेले. आमच्या घरी तेव्हा ते पेपरात वाचलं गेलं असणार, आणि पुढच्या पानावर कोडं सुटलं असणार. त्या पिढीच्या आठवणी काढताना हेही लिहायला हवं. बाल्कनीत कुंड्या मांडणाऱ्या आमच्या माणसांना या जमिनीची ओळख करून देणारं माणूस म्हणजे ती मावशी.

आणि बाबांना पक्ष्यांकडे नेणारीही तीच. लोकल मानखुर्द सोडून खाडीवर आली की बाबांची मान आपसूक खिडकीकडे वळे. ओहोटीच्या चिखलात बगळे, शेराटी, तुतारी. नव्वदीच्या मध्यापासून त्यांत गुलाबी ठिपके दिसू लागले. डब्यात कुणी म्हणालं बदकं, कुणी म्हणालं प्लास्टिकच्या पिशव्या! ते रोहित पक्षी. निवृत्तीनंतर बाबांनी दुर्बीण घेतली, सालिम अलींचं पुस्तक घेतलं आणि नेरूळच्या तळ्यांकडे जायला लागले. पण कधी शेकडो पक्षी असत, कधी एकही नसे. हे कोडं मावशीनं सोडवलं. खाडी भरली की चिखल बुडतो, पाखरांना उभं राहायला जागा उरत नाही, मग ती आत तळ्यांवर येतात. म्हणजे भरतीच्या वेळेला जायचं. आणि भरती कधी? तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या आसपास. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. कोकण किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब. थोडंफार इकडेतिकडे होतं, पण पक्ष्यांना घड्याळ नसतं. तेव्हापासून आमच्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी भरतीचे आकडे दिसू लागले.

बाबांभोवती मग सकाळी फिरायला येणाऱ्यांचा एक घोळका जमला. लहान रोहित कोणता, मोठा कोणता. पिल्लं राखाडी का. रंग शेवाळ खाऊन चढतो म्हणजे नेमकं काय. त्यांत निवृत्त मराठी हेडमास्तर होते, एक गुजराती व्यापारी होते आणि बीएआरसीतून निवृत्त झालेले एक बंगाली गृहस्थ, जे पक्षी मोजायचेच. बाकीचे अंदाज सांगत, ते आकडा सांगत, आणि त्यावरून रोज जुंपे. २०१५ मध्ये ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्य घोषित केलं तेव्हा या मंडळींनी जणू आपल्याच अर्जावर सही झाली अशा थाटात बर्फी वाटली. २०२२ मध्ये ती रामसर यादीत गेली, तेव्हा बाबा नव्हते, पण बर्फी आमच्या घरी आली.

सोसायटीची सेक्रेटरीशिप हाही निवृत्तांचा छंदच मानायला हवा, आणि तो सर्वांत महागडा. बँकेतून निवृत्त झालेला माणूस उपविधींचं पुस्तक हातात घेतो तेव्हा इमारतीतल्या कुंड्या, सायकली आणि सुकत घातलेल्या चादरी यांचं काही खरं नसतं. आमच्याकडच्या सेक्रेटरी काकांची वार्षिक सभेची इतिवृत्तं वाचनीय असत. ‘श्री. अमुक यांनी टाकीबाबत तीव्र नापसंती व्यक्त करून सभात्याग केला व चहाच्या वेळी परत आले’, असं त्यांनी खरोखर लिहिलेलं आहे.

पुढे पालिकेची विरंगुळा केंद्रं आली. कॅरम, पेपर, महिन्याचे वाढदिवस. डॉ. मदन कटारियांनी १९९५ मध्ये अंधेरीत सुरू केलेला हास्यक्लब सेक्टर-सेक्टरात पोचला. आमचे बाबा एकदाच गेले. विनोद सांगितल्याशिवाय हसायचं त्यांना जमेना. आई जाते. तिच्या मते हसणं तिथे दुय्यम असतं, कुणाचा मोतीबिंदू झाला आणि कुणाची मुलगी सिडनीहून आलीय हे तिथे कळतं.

एक गोष्ट मात्र बसच्या रांगेपासून आजपर्यंत न तुटता चाललीय : दिवाळी अंकांची भिशी. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला. सगळे विकत घेणं तेव्हाही परवडत नसे आणि आजही नाही. आमच्या इमारतीतल्या आणि आसपासच्या दहा-बारा घरांनी प्रत्येकी एक अंक घ्यायचा, आठ दिवसांनी पुढच्या घरी द्यायचा, मागच्या पानाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर सही करायची. या चिठ्ठ्यांतून वाचकांचा खरा कल कळतो. ‘मौज’चं कौतुक सगळे करत आणि तो चार दिवसांत पुढे जाई. ‘धनंजय’ला कुणी चांगलं म्हणत नसे आणि तो एकेका घरी तीन आठवडे मुक्कामाला. ‘आवाज’मधल्या चावट चित्रांवरच्या खिडक्या तिसऱ्या घरानंतर फाटत, मग कुणीतरी सात्त्विक हातानं त्या गव्हाच्या खळीनं कायमच्या बंद करून टाके. हे कोण करतं याचा शोध अनेक वर्षं चालला.

भिशीची यादी आता आईकडे आहे. निम्मी घरं पुनर्विकासासाठी रिकामी होऊन घणसोली-खारघरला भाड्यानं गेलीत, त्यामुळे अंक रिक्षानं, नातवाच्या स्कूटरवरून, एकदा तर औषधं पोचवणाऱ्या मुलाच्या पिशवीतून फिरतात. व्हॉट्सॲपवर सही चालेल का, असा ठराव आला होता, तो आईनं फेटाळला. मागल्या दिवाळीचा ‘धनंजय’ अजून सेक्रेटरी काकांकडे अडकलाय, आणि उपविधींत दंडाची तरतूद नाही असं त्यांचं म्हणणं आहे.